रुपया घसरला, पण चांदी कोणाची?

महोदय,

रुपया घसरला की निर्यातदारांची चांदी, असे सरसकट लिहिले जाते. आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीचा (धातू ओतण्याच्या कारखान्याचा) हिशेब तसा नाही. कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, बिल डॉलरमध्ये वसूल होते खरे, पण भट्टीत जळणारा कोक ज्या कोळशापासून बनतो तो बहुतांश परदेशातून येतो, म्हणजे भट्टीचा खर्चही डॉलरबरोबरच चढतो.

सुटे भाग आयात करणाऱ्याचे दुखणे वेगळे. 10,000 डॉलरचा माल 90 दिवसांच्या उधारीवर घेतला, किंमत डॉलरला 83 रुपये दराने धरली आणि पैसे भरायच्या दिवशी दर 86 निघाला, की 30,000 रुपये खिशातून गेले. ऑर्डर देतानाच बँकेत फॉरवर्ड करार, म्हणजे पुढच्या तारखेला ठरल्या दराने डॉलर घेण्याचा करार, केला तर दर बांधला जातो. प्रीमियम, म्हणजे आजच्या दरावर थोडी जादा रक्कम, जातो, आणि रुपया सावरला तर तो फायदाही सोडावा लागतो. तरी छोटे कारखानदार तिकडे फिरकत नाहीत, हे नवलच.

चिकोडी-अथणीच्या ऊसवाल्याला हीच घसरण पोटॅश खताच्या 50 किलोच्या पोत्यात भेटते. ते जवळपास सगळे आयातीचे. सरकारने खताचे अनुदान वाढवले तर सरकारची तूट वाढते, ती भरायला पुन्हा कर्ज.

केंद्राचे बहुतेक कर्ज रुपयातच आहे, ते फेडायला डॉलर लागत नाहीत, म्हणून परकीय चलन आटल्याने 1991 मध्ये देशाला सोने गहाण टाकावे लागले तसे भय आज दाखवू नये. व्याजाचा बोजा मात्र खरा आहे.

– एक वाचक, बेळगाव