पटावरचा खेळ प्रश्नपत्रिका होऊ नये

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत खेळांवरील प्रश्नमंजुषेचा बैठा खेळ घरच्या घरी कसा तयार करावा, यावर लेख आला, त्याचे स्वागतच करायला हवे. असा खेळ विकत आणण्यापेक्षा रचण्यात अधिक गंमत असते आणि रचताना जेवढे वाचन घडते तेवढे खेळताना घडत नाही. मात्र शंभर घरांचा पट आखावा, प्रश्नांचे पत्ते करावेत, उत्तर बरोबर आले तर फासा टाकावा आणि चुकले तर पाळी सोडावी, ही लेखातली कृती जशीच्या तशी अमलात आणली, तर हाती येईल ती फाशाची जोड दिलेली तोंडी परीक्षा असेल, असे मला वाटते. मुलांसाठी आणि मोठ्यांसाठीही असे खेळ मी हौसेने रचत आलो आहे, म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहे.

अडचण साध्या हिशेबातही दिसते. एका फाशाचे सरासरी दान साडेतीन. दहापैकी आठ प्रश्नांची उत्तरे देणारा भिडू दर पाळीला सरासरी २.८ घरे पुढे सरकतो आणि दहापैकी चार देणारा १.४ घरे. पहिला साधारण छत्तीस पाळ्यांत शंभरावर पोहोचतो, तेव्हा दुसरा पन्नाशीच्या आसपास असतो. म्हणजे निकाल बराच आधी कळून चुकतो आणि उरलेला वेळ तो जाहीर होण्याची वाट पाहण्यात जातो. चौघे खेळत असतील तर छत्तीस पाळ्यांचे १४४ प्रश्न होतात. प्रश्न वाचणे, विचार करणे, उत्तर तपासणे आणि त्यावर हुज्जत घालणे, या सगळ्याला मिळून चाळीस सेकंद धरले तरी दीड तास उलटतो आणि त्यातला पाऊण हिस्सा प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसलेला असतो. साप आणि शिड्या घालून हे गणित सुधारत नाही. माहीतगाराला सापाने गिळले की तो चिडतो आणि ज्याला काही माहीत नाही तो शिडीने जिंकला तर त्यालाही जिंकल्यासारखे वाटत नाही. म्हणून आधी पट आखून मग त्यात प्रश्न कोंबण्यापेक्षा, डाव किती वेळात संपायला हवा हे ठरवून त्यावरून घरांची संख्या काढावी. चौघांसाठी तीस-पस्तीस घरे पुष्कळ झाली.

या प्रकारातला जगभर गाजलेला खेळ म्हणजे ट्रिव्हियल परस्यूट. १९७९ मध्ये माँट्रियलमध्ये ख्रिस हेनी आणि स्कॉट ॲबट या दोन पत्रकारांना तो सुचला. त्यांतले ॲबट हे क्रीडा पत्रकार होते. तरीही त्यांनी सहा विभागांपैकी खेळांना एकच विभाग दिला आणि तोही फावल्या वेळातल्या छंदांबरोबर वाटून. जिंकण्यासाठी सहाही विभागांतली पाचर (सोंगटीत बसणारा रंगीत तुकडा) मिळवावी लागत असल्यामुळे एकाच विषयातला पंडित तिथे अडतो. केवळ खेळांवर आधारलेला पट करायचा, तर असा अडसर आपणच शोधावा लागतो. क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, हॉकी असे खेळांवारी विभाग पाडणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण क्रिकेटवेडा क्रिकेटच्या घरावर थांबण्याची सोय पाहतो आणि बाकीच्या घरांवर हात टेकतो. त्याऐवजी नियम, मापे, माणसे, प्रसंग आणि साहित्य असे जाणतेपणाच्या प्रकारांवरून विभाग केले, तर प्रत्येक विभागात सगळे खेळ मिसळतात आणि ज्याने कधी सामना पाहिलेला नाही, पण ज्याची नजर चौकस आहे, त्यालाही मापांच्या आणि साहित्याच्या घरात उभे राहता येते.

यातूनच प्रश्न कसा असावा, हा मुद्दा येतो. ‘विम्बल्डनमधला सर्वांत लांबलेला सामना कोणी जिंकला?’ या प्रश्नाचे उत्तर माहीत असते किंवा नसते. विचार करून ते सापडत नाही. तोच विषय ‘२०१० मध्ये जॉन इस्नर आणि निकोला माहू यांच्यातला सामना किती तास चालला?’ असा विचारला आणि सर्वांनी एकाच वेळी चिठ्ठीवर आकडा लिहून जवळच्या आकड्याला गुण द्यायचे ठरवले, तर प्रत्येक जण कामाला लागतो. उत्तर आहे ११ तास ५ मिनिटे, तीन दिवसांत मिळून; शेवटचा सेट ७०-६८ असा संपला. हे वाचून दाखवले की ज्याचा अंदाज पार चुकला तोही हसतो. बॉब बीमनने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ८.९० मीटरची लांब उडी घेतली, हे पुष्कळांना ठाऊक असते, पण आधीचा विक्रम त्याने एका झेपेत किती सेंटिमीटरने मागे टाकला, असे विचारल्यावर ठाऊक असलेलेही चाचपडतात. पाच, दहा, फार तर वीस अशी उत्तरे येतात. आधीचा विक्रम ८.३५ मीटरचा होता. म्हणजे ५५ सेंटिमीटर.

क्रम लावण्याचे प्रश्न मला त्याहूनही आवडतात. फुटबॉलच्या गोलची आडवी दांडी, पुरुषांच्या व्हॉलीबॉलचे जाळे आणि बास्केटबॉलची कडी यांना उंचीनुसार लावा म्हटले, की कडी सर्वांत वर, हे सगळेच सांगतात आणि उरलेल्या दोघांवरून जुंपते. दांडी २.४४ मीटरवर असते आणि जाळे २.४३ मीटरवर, फरक एका सेंटिमीटरचा. टेबल टेनिसचा चेंडू २.७ ग्रॅमचा, टेनिसचा साठच्या किंचित आत, क्रिकेटचा १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि गोळाफेकीतला पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, ही माहिती कोणी पाठ केलेली नसते. पण हाताला तिची ओळख असते, आणि आठवणीला तसा हात घालायला लावणे हेच पटावरच्या प्रश्नाचे काम आहे.

मात्र प्रश्न कितीही चांगले केले तरी पट निव्वळ गुणफलक राहिला, तर त्यावर खेळाचे नाव लिहिण्यात अर्थ नाही. मैदानाचे चित्र काढले, सोंगट्यांना जर्सी रंगवली, एवढ्याने क्रीडापट होत नाही. त्या खेळाची जी खरी पेचाची जागा असते, ती पटावर उतरली पाहिजे. कबड्डीचे उदाहरण घ्या. प्रत्येक संघाच्या सात सोंगट्या. चढाई करणारी सोंगटी मध्यरेषा ओलांडून जाते, तीस सेकंदांचे वाळूचे घड्याळ उलटते आणि समोरचा संघ एकामागून एक प्रश्न वाचतो. प्रत्येक बरोबर उत्तराला समोरची एक सोंगटी बाद. चढाई करणाऱ्याने निदान एक उत्तर दिलेच पाहिजे. त्यानंतर तो केव्हाही ‘परत’ म्हणून मिळालेले गुण घेऊन येऊ शकतो. पण थांबला आणि चुकला, किंवा वाळू संपली, तर त्या चढाईतले सगळे गुण गेले आणि तो स्वतःही बाहेर. आता दोन गुण हाताशी आहेत, वाळू निम्मी उरली आहे, आणि पुढचा पत्ता ‘मापे’ विभागातला आहे, हे त्याला दिसते. इथे ज्ञानाइतकाच धीर लागतो आणि निर्णय चुकला तर संघातले सगळे जण त्याच्यावर ओरडतात. मैदानात नेमके असेच असते.

याच खेळाचा आणखी एक नियम रचनाकाराच्या पथ्यावर पडतो. बचावात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरलेले असताना पकड झाली, तर तिला एकाऐवजी दोन गुण मिळतात. तिला अव्वल पकड म्हणतात. पटावर तो नियम जसाच्या तसा घेतला, की मागे पडलेल्या संघाला उसनी दया न दाखवता परतण्याची वाट मिळते, आणि आघाडीवरच्या संघाला शेवटच्या तीन सोंगट्यांपुढे जपून जावे लागते. दुबळ्या भिडूला जादा फासा द्यावा, अशी लेखात सूचना आहे, तिच्यापेक्षा हे किती तरी सरळ आहे. तीस सेकंदांच्या मर्यादेमुळे प्रश्नाची लांबीही आपोआप ठरते; वाचायला चार-पाच सेकंदांहून जास्त वेळ लागणारा प्रश्न चढाईच्या गठ्ठ्यात चालत नाही आणि लांबलचक प्रश्नांचा वेगळा गठ्ठा करावा लागतो. क्रिकेटच्या पटावर एकेरी धावेपासून षटकारापर्यंत प्रश्नाची काठिण्यपातळी फलंदाजाने स्वतः निवडावी आणि चुकल्यास बाद व्हावे, हा त्याच विचाराचा दुसरा अवतार आहे. तो अनेकांना सुचतो, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

शब्दरचनेकडे लेखात एका ओळीपलीकडे लक्ष दिलेले नाही, आणि भांडणे तर तिथेच होतात. ‘१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १०० मीटर शर्यत कोणी जिंकली?’ या प्रश्नाला एक जण बेन जॉन्सन म्हणेल आणि दुसरा कार्ल लुईस. अंतिम रेषा आधी जॉन्सनने ओलांडली, उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्यावर सुवर्णपदक लुईसला मिळाले. म्हणून ‘सुवर्णपदक कोणाच्या नावावर आहे?’ असेच विचारले पाहिजे. ‘१८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमधले पहिले सुवर्णपदक कोणाचे?’ हा प्रश्न तर मुळातच चुकीचा आहे, कारण तिथे विजेत्यांना रौप्यपदके दिली होती. ‘ऑलिंपिकमधले भारताचे पहिले वैयक्तिक पदक’ असे लिहिले की १९०० च्या पॅरिसमधली नॉर्मन प्रिचर्ड यांची दोन रौप्यपदके पुढे येतात आणि ती कोणत्या देशाच्या खाती धरायची, हा जुना वाद पटावर अवतरतो. ‘स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक’ म्हटले की उत्तर निर्विवादपणे खाशाबा जाधव, हेलसिंकी, १९५२.

दुसरे दुखणे प्रश्न शिळे होण्याचे. ‘सर्वाधिक’, ‘एकमेव’ आणि ‘सध्या’ हे तीन शब्द दिसले की पत्ता बाजूला काढावा, असे मी सुचवेन. कसोटीच्या एका डावात दहाही बळी घेणारे किती, याचे उत्तर १९५६ पासून जिम लेकर एकटे होते, १९९९ मध्ये अनिल कुंबळे यांच्यामुळे दोन झाले आणि २०२१ मध्ये एजाझ पटेल यांच्यामुळे तीन. टेबल टेनिसचा गेम २००१ मध्ये २१ गुणांवरून ११ वर आला. विश्वचषक फुटबॉलमधले संघ २०२६ पासून ३२ चे ४८ झाले. असे प्रश्न टाकूच नयेत, असे नव्हे. त्यांत वर्ष घालावे. ‘२००१ पूर्वी टेबल टेनिसचा गेम किती गुणांचा असे?’ हा प्रश्न कधीच शिळा होणार नाही, आणि वर्ष नसलेल्या प्रश्नापेक्षा तो थोडा अवघडही आहे.

प्रश्न लवकर संपतात, ही अशा खेळांबद्दलची तक्रार मात्र रास्त आहे. दोनशे पत्त्यांचा गठ्ठा चार-पाच डावांत फिरून होतो आणि मग स्मरणशक्तीची स्पर्धा उरते. यावर मला सापडलेला उपाय असा की पत्त्यावर प्रश्न लिहूच नये; समोर एक प्रसंग आणि मागे त्याचे वर्ष, एवढेच लिहावे. अबेबे बिकिलाने रोममध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकली, मागे १९६०. जिम्नॅस्ट नादिया कोमानेचीला दहापैकी दहा गुण मिळाले आणि चार अंक दाखवण्याची सोय नसलेल्या फलकावर ते १.०० असे दिसले, मागे १९७६. दोन पत्ते उचलून ‘आधी कोणते घडले?’ एवढेच विचारायचे. साठ पत्त्यांतून १७७० जोड्या निघतात. अर्थात त्या सगळ्याच उपयोगाच्या नसतात. बीमनची उडी आणि डिक फॉसबरीची पाठीवरून घेतलेली उंच उडी एकाच मेक्सिको ऑलिंपिकमधल्या. ही जोडी समोर आली की दोघांनाही गुण द्यावेत, असा नियम करून टाकावा.

प्रश्न कुठून घ्यावेत, याबद्दल काही वाचकांच्या मनात स्वामित्वहक्काची धास्ती असते. फ्रेड वर्थ नावाच्या अमेरिकी लेखकाने आपल्या माहितीकोशात एका मालिकेतल्या पोलीस तपास अधिकाऱ्याचे खोटे पहिले नाव मुद्दाम पेरले होते. ते ट्रिव्हियल परस्यूटच्या पत्त्यावर आल्यावर त्याने १९८४ मध्ये ३० कोटी डॉलरचा दावा लावला आणि तो फेटाळला गेला, कारण वस्तुस्थितीवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो. माहिती घ्यायला हरकत नाही. दुसऱ्याचे शब्द, छायाचित्रे आणि स्पर्धांची बोधचिन्हे घेऊ नयेत. त्या पेरलेल्या नावावरून दुसरी गोष्टही दिसते, ती म्हणजे एकाच ठिकाणी वाचलेली माहिती पत्त्यावर उतरवणे धोक्याचे असते.

पट तयार झाल्यावर तो खेळांची आवड नसलेल्यांपुढे ठेवून पाहावा आणि रचनाकाराने स्वतः तोंड मिटून बाजूला बसावे. जो पत्ता सगळ्यांना येतो आणि जो कोणालाच येत नाही, असे दोन्ही काढून टाकावेत. विभाग केवळ रंगांनी दाखवू नयेत, खुणाही वेगळ्या ठेवाव्यात, कारण लाल-हिरव्यातला फरक न दिसणारा एखादा भिडू गटात असू शकतो.

आपल्या पुरवणीने वाचकांकडून प्रश्नपत्ते मागवण्याचे योजले आहे, असे लेखाच्या शेवटी म्हटले आहे. ते छापताना प्रत्येक पत्त्याखाली माहिती कोणत्या तारखेपर्यंतची आहे, हे नोंदवण्याची अट घालावी, आणि निदान निम्मे प्रश्न अंदाजाचे किंवा क्रम लावण्याचे असावेत, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक