पिल्लू पाहण्याआधी त्याची आई पाहा

संपादक महोदय,

‘लॅब्राडोरचे ४५ दिवसांचे पिल्लू, पहिली लस झालेली, घरपोच मिळेल’ अशा आशयाच्या जाहिराती मोबाइलवर सतत दिसतात. त्या वाचणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक नसते की, केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्रीविषयक नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा, म्हणजे ५६ दिवसांपेक्षा लहान पिल्लू विकण्यास मनाई आहे. मलाही ते ठाऊक नव्हते.

दोन वर्षांपूर्वी चतुर्थीनंतर आम्ही असेच एक पिल्लू घेतले. विक्रेत्याने घरी बोलावण्याचे टाळले आणि फोंड्याच्या बसस्थानकाजवळ, गाडीतून, एका खोक्यात ते आमच्या हाती दिले. डॉक्टरांनी दात पाहून ते जेमतेम पाच आठवड्यांचे असल्याचे सांगितले. चौथ्या दिवशी उलट्या व रक्ताचे जुलाब सुरू झाले. पार्व्होचे, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाचे, निदान झाले, सलाइन लावले, तरीही ते वाचले नाही. रोगाची लागण झाल्यानंतर लक्षणे दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, त्यामुळे आमच्याकडे येण्यापूर्वीच त्याला बाधा झाली असावी, असे डॉक्टरांचे मत पडले. माझ्या मुलीने त्याचे नावही ठेवले होते.

त्या अनुभवानंतर माझा एकच आग्रह आहे: पिल्लाची आई जिथे राहते तिथे जाऊन तिला पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. ती हाडकुळी आहे का, अनोळखी माणसाला पाहून दबून बसते का, तिची जागा कोरडी व स्वच्छ आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो, आणि आपल्या पावसाळ्यात, जेव्हा ओल आणि गोचिडी दोन्ही वाढतात, तेव्हा तर जागा पाहणे फारच गरजेचे आहे. याच नियमांनुसार मादीकडून १८ महिन्यांच्या आत पैदास करता येत नाही, वर्षाला एकापेक्षा अधिक वेत घेता येत नाही आणि आयुष्यभरात पाचापेक्षा जास्त नाही. तिचे वय आणि आजवरची वेते विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडून उठून यावे.

केनेल क्लबचा, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा, कागद असला की पिल्लू निरोगी, हा समजही चुकीचा आहे. तो कागद वंशावळ सांगतो, आरोग्य नव्हे. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष पिढीजात येतो. म्हणून आईबापांचे एक्स-रे काढले आहेत का, हे वेगळे विचारावे लागते. लसीच्या कार्डावर कुपीचे लेबल व पशुवैद्यकाची सही नसेल, तर त्या कार्डाला काही अर्थ नाही.

पुढच्या खेपेला आम्ही डिचोलीच्या एका गृहस्थांकडे गेलो. घरात दिवसभर कोण असते, अंगण आहे की फ्लॅट, हे त्यांनी आम्हालाच विचारले, आणि पिल्लासाठी चार महिने थांबायला लावले. तेव्हा ते मला जाचक वाटले होते, पण आज त्यांच्याविषयी आदर वाटतो.

नियमानुसार प्रत्येक श्वानपैदासकाने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. सामान्य ग्राहकाला ती यादी सहज हाती लागली पाहिजे. पशुसंवर्धन व पशुवैद्यकीय सेवा संचालनालयाने ती प्रत्येक तालुक्यातील पशुवैद्यकीय दवाखान्यात मराठी व कोकणीतून लावावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, फोंडा