लॉग नाही म्हणून फॉरमॅट मारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी तालुक्याच्या गावात डीटीपीचं छोटं दुकान चालवतो. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांचे रिपोर्ट कार्ड अशी कामं असतात. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू होतो आणि नेमका तेव्हाच माझा कॉम्प्युटर दिवसातून दोन-तीनदा आपोआप बंद पडून परत चालू व्हायला लागला. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, स्क्रीन काळा झाला की थेट कंपनीचा लोगो. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर तो म्हणाला काही लॉगच (बंद पडल्याच्या कारणाची नोंद) सेव्ह झालेला नाही, आता फॉरमॅटच मारावा लागेल. मी हो म्हणालो. आठ दिवसांनी परत तेच, परत फॉरमॅट. दोन्ही वेळा श्री-लिपीचे जुने फॉन्ट, कोरलड्रॉच्या सेटिंग्ज, प्रिंटरचे ड्रायव्हर सगळं नव्याने बसवत बसलो, आणि एका घरच्या पत्रिकेची अर्धी फाईल गेली ती गेलीच. हे पत्र त्यासाठीच लिहितोय, कारण माझ्यासारखे दुकानदार, सेवा केंद्रवाले, शाळेतले क्लार्क सगळ्यांना हेच उत्तर मिळतं की लॉग नाही, फॉरमॅट मारा.

मुळात लॉग का नसतो हे मला नंतर वाचून वाचून कळलं. विंडोज जेव्हा स्वतः क्रॅश होतं, म्हणजे निळा स्क्रीन येतो (नव्या विंडोज ११ मध्ये तो काळा केलाय), तेव्हा ते मेमरीतली माहिती आधी सी ड्राइव्हवरच्या पेजफाईलमध्ये (मेमरी कमी पडली की विंडोज वापरतं ती राखीव फाईल) टाकतं आणि पुढच्या वेळी चालू होताना तिथून काढून विंडोज फोल्डरमधल्या मिनीडंप फोल्डरात किंवा मेमरी डंपच्या फाईलमध्ये ठेवतं (क्रॅशच्या वेळच्या या माहितीलाच डंप म्हणतात). म्हणजे हे सगळं नीट झालं तरच फाईल मिळणार. स्पीड वाढतो असं कुठेतरी ऐकून कुणी पेजफाईल बंद करून ठेवली असेल तर डंप लिहायला जागाच नाही. निळ्या स्क्रीनवर टक्के पुढे सरकत असतात तेव्हा घाबरून बटण दाबून बंद केला तरी अर्धवट राहतं. सफाईची सॉफ्टवेअर लोक हौसेने चालवतात, ती डंप फाईली कचरा समजून उडवतात. आणि एसएसडीच (डेटा साठवणारी डिस्क) मधेच गायब होत असेल तर लिहिणार कुठे, माझ्या भाच्याच्या पीसीचं तसंच निघालं, रीस्टार्ट केल्यावर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारा प्रोग्रॅम) एसएसडी दिसायची नाही, पूर्ण बंद करून परत चालू केला की दिसायची.

पण याच्याही पलीकडे एक गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही. वीजच तुटली तर विंडोजला क्रॅश व्हायलाही वेळ मिळत नाही, मग डंप येणार कुठून? तरी एक खूण राहते. विंडोजमधल्याच इव्हेंट व्ह्यूअर या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये विंडोज लॉग्जमधल्या सिस्टीममध्ये गेलात की लाल रंगात कर्नल-पॉवर, आयडी ४१ अशी नोंद दिसते. लोक ती बघून म्हणतात की पॉवर सप्लाय खराब आहे, तसं नाही. ती नोंद पुढच्या वेळी चालू होताना पडते आणि तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी नीट शटडाऊन झालं नव्हतं. खरं बघायचं ते तिच्या डिटेल्समध्ये. तिथे बगचेककोड (क्रॅशच्या कारणाचा आकडा) असतो, तो शून्य नसेल तर विंडोज खरंच क्रॅश झालं होतं आणि तो आकडा घेऊन पुढे शोधता येतं. पॉवर बटण टाईमस्टँप शून्य नसेल तर कुणीतरी बटण दाबून धरलं होतं. आणि सगळीच शून्यं असतील तर मशीन एकतर पूर्ण गोठलं किंवा वीज तुटली. माझ्याकडे सगळी शून्यं होती. दोन फॉरमॅटच्या आधी हे कुणी उघडून बघितलं असतं तर सॉफ्टवेअरकडे बोट दाखवायची वेळच आली नसती, आणि फॉरमॅटमध्ये या जुन्या नोंदीही पुसल्या जातात ते वेगळंच.

मग मी एक वही ठेवली कॉम्प्युटरशेजारी. बंद पडला की तारीख, वेळ, काय काम चालू होतं, लाईट फडफडली का, एवढंच लिहायचं. सात नोंदी झाल्या तेव्हा लक्षात आलं की सातही वेळा मी बऱ्याच वेळाने लेझर प्रिंटरला प्रिंट दिली होती, सलग प्रिंटा काढताना एकदाही नाही. लेझर प्रिंटर गार असताना त्याचा आतला हीटर तापायला एकदम भरपूर करंट ओढतो. माझं वायरिंग जुनं, प्रिंटर आणि पीसीचा यूपीएस (लाईट गेली तर बॅटरीवर पीसी चालू ठेवणारा) एकाच पॉइंटवर, तेवढ्या क्षणी व्होल्टेज खाली जायचं, पंखासुद्धा जरा मंद व्हायचा, यूपीएस बॅटरीवर जायला बघायचा आणि बॅटरी चार वर्षांची, पार मेलेली. लाईट गेली की पीसी बंद होतो हे मला माहीत होतं पण लाईट असताना बंद होतोय म्हणजे यूपीएसचा संबंध नाही असं मी धरून चाललो होतो, तिथेच चुकलो. साधारण १००० रुपयांत नवी बॅटरी बसली, वायरमनने प्रिंटरला वेगळा पॉइंट काढून दिला, अर्थिंग तपासलं. त्यानंतर आख्खा सीझन गेला, एकदाही बंद पडला नाही.

प्रत्येकाचं कारण हेच असेल असं मी म्हणत नाही. रॅमची एक पट्टी खराब असू शकते, दोन असतील तर एक काढून दोन दिवस चालवून बघायचं मग दुसरी, आणि मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर लावून ठेवायचं. एसएमपीएस (पीसीतला पॉवर सप्लाय) कमजोर असू शकतो, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकून तापत असेल, मे महिन्यात आमच्याकडे हे फार होतं. स्टार्ट मेनूत रिलायबिलिटी हिस्टरी टाईप केलं तर कोणत्या दिवसापासून बिघडलं आणि त्या दिवशी कोणता ड्रायव्हर किंवा अपडेट आला होता ते तारखेप्रमाणे दिसतं, हे तर फुकट आहे आणि दोन मिनिटांचं काम आहे. आणि सिस्टीम प्रॉपर्टीजमधल्या स्टार्टअप अँड रिकव्हरीत जाऊन ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढा, डंप स्मॉल किंवा ऑटोमॅटिकवर ठेवा, पेजफाईल सी ड्राइव्हवर विंडोजलाच सांभाळू द्या. म्हणजे पुढच्या वेळी निळा स्क्रीन आलाच तर तो थांबून राहील आणि मोबाईलवर फोटो तरी काढता येईल.

दुरुस्ती करणाऱ्या मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे की फॉरमॅट करायच्या आधी ४१ नंबरची नोंद उघडा, तिचा फोटो गिऱ्हाइकाला द्या, आणि पीसी दुकानात आणायला लावण्यापेक्षा शक्य असेल तर एकदा त्याच्या जागेवर जाऊन बघा, कारण माझा पीसी त्यांच्या दुकानात दोन्ही वेळा दोन-दोन दिवस चालू होता आणि तिथे एकदाही बंद पडला नव्हता. आपल्या पेपरच्या तंत्रज्ञानाच्या पानावर नवीन मोबाईलबद्दल दर आठवड्याला येतं, तिथे एकदा या नोंदी कशा वाचायच्या ते चित्रांसह छापलंत तर मी ते पान कापून दुकानात भिंतीला लावीन, शेजारच्या सेवा केंद्रातही देईन.

आपला नियमित वाचक,
एक डीटीपी व्यावसायिक, जि. सातारा