निवडणूक हरलेला मुलगा

नाशिक, १२ जानेवारी

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. निर्जन बेटावर मोठ्यांविना अडकलेल्या इंग्रज शाळकरी मुलांची विल्यम गोल्डिंगने लिहिलेली ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ही कादंबरी तुमच्या वाचनमंडळाने वाचली आणि ‘माणूस मुळातच दुष्ट असतो’ या एका वाक्यावर चर्चा आटोपली, हे तू खेदाने लिहिले आहेस. मुलांनी नायक, म्हणजे आपला प्रमुख, म्हणून निवडलेला राल्फ दुबळा होता म्हणून त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे, जॅकचे, फावले, असे तुझे स्वतःचे मत आहे. मला यातले काहीच पटलेले नाही, म्हणून पुस्तक पुन्हा हाती घेऊन हे पत्र लिहायला बसलो आहे.

राल्फ दुबळा नाही. बेटाच्या टोकाला असलेल्या खडकाळ भागात श्वापद असेल या भीतीने सगळे मागे थबकतात, तेव्हा ‘मी नायक आहे, मीच जातो’ असे म्हणून एकटा पुढे होतो तो राल्फच. त्याचे चुकते ते पहिल्याच दिवशी, आणि तेही दुबळेपणामुळे नव्हे तर चांगुलपणामुळे.

पहिल्या प्रकरणातली ती सभा पुन्हा वाच. भर उन्हात काळे झगे घातलेली चर्चच्या गायकवृंदातली मुले दोन रांगांत चालत येतात. जॅक त्यांना बसू देत नाही, त्यांच्यातला सायमन चक्कर येऊन पडतो, तरी जॅकच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. आपण गायकांचे प्रमुख आहोत, म्हणून नायकही आपणच व्हायला हवे, असे तो सरळ सांगतो. त्यावर ‘मत घेऊ या’ असे सुचवतो तो रॉजर. पुढे ज्याच्या हातून सर्वांत निर्घृण कृत्य घडते, त्याच मुलाच्या तोंडून मतदानाची पहिली सूचना यावी, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. गायकमुले निरुत्साहाने, केवळ सवयीच्या आज्ञाधारकपणाने जॅकसाठी हात वर करतात. बाकीचे सगळे राल्फला निवडतात. राल्फचा चष्मेवाला सोबती पिगी याचा हात सर्वांत शेवटी आणि नाखुशीने वर जातो. जॅकचा चेहरा अपमानाने लाल होतो. तो उठू पाहतो, विचार बदलतो आणि परत खाली बसतो. (अखेरच्या पानांवर नौदलाचा अधिकारी ‘इथला प्रमुख कोण?’ असे विचारतो, तेव्हाही जॅक एक पाऊल पुढे टाकतो, विचार बदलतो आणि जागीच उभा राहतो. लेखकाने ही हालचाल जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा योजली आहे, आणि तसे सहज घडत नसते.)

जॅकचा तो चेहरा पाहून राल्फला काहीतरी देऊन टाकावेसे वाटते. गायकवृंद अर्थातच तुझा, असे तो म्हणतो. त्या मुलांनी काय व्हायचे, हेही तो जॅकलाच ठरवू देतो, आणि जॅक सांगतो: शिकारी. म्हणजे निवडणूक हरलेल्या मुलाच्या हाती त्याच क्षणी शिस्तीत वाढलेली, त्याचा हुकूम पाळण्याची सवय असलेली आणि लवकरच भाले घेऊन हिंडणारी एक अख्खी तुकडी येते. जिंकलेल्याकडे उरतो तो शंख आणि तो फुंकून सभा बोलावण्याचा अधिकार. दुसऱ्या प्रकरणात, जाणाऱ्या जहाजांना धूर दिसावा म्हणून पेटवलेला डोंगरावरचा जाळ राखण्याची जबाबदारीही जॅकच आपल्या शिकाऱ्यांसाठी मागून घेतो आणि राल्फ ती देतो. मांस आणि आग ही दोन्ही कामे एकाच गटाकडे गेल्यावर नायकाकडे करण्यासारखे काय उरले? झोपड्या. तिसऱ्या प्रकरणात त्या बांधायला राल्फच्या जोडीला एकटा सायमन असतो. बाकीची मुले पोहायला नाहीतर खेळायला गेलेली असतात.

त्यानंतर जे घडते ते सगळे या वाटणीतूनच घडते. क्षितिजावरून जहाज जात असताना जाळ विझलेला असतो, कारण तो राखणाऱ्या मुलांनाही जॅकने डुकराच्या मागे नेलेले असते. राल्फचा संताप रास्त असतो. पण त्याच वेळी समोर भाजलेले मांस असते, आणि राल्फही अखेर ते खातोच. आग विझू दिल्याबद्दल जॅक सर्वांदेखत क्षमा मागतो आणि शिकाऱ्यांच्या नजरेत आणखी मोठा होतो. चूक त्याची, पण वाहवाही त्यालाच. हा प्रसंग बारकाईने वाचला तर सत्ता कुठून कुठे सरकते आहे ते स्पष्ट दिसते, आणि अजून कोणाचाही जीव मुद्दाम घेतला गेलेला नसतो.

राल्फला हे कळत नव्हते असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. पाचव्या प्रकरणातली संध्याकाळची सभा उधळली जाते, मुले अंधारात किंचाळत पांगतात आणि पिगी विनवतो की शंख फुंक. राल्फ फुंकत नाही. शंख वाजवूनही कोणी परतले नाही तर सगळेच संपले, हे त्याला उमगलेले असते. बारा वर्षांच्या मुलाने आपल्या अधिकाराचा तळ इतक्या अचूकपणे ओळखावा, हे मला त्या पुस्तकातले सर्वांत करुण स्थळ वाटते. आठव्या प्रकरणात जॅक उघडपणे मत मागतो: राल्फ नायक नको असे कोणाकोणाला वाटते? एकही हात वर होत नाही. जॅक रडतो, आता मी तुमच्यात खेळणार नाही असे म्हणून निघून जातो, आणि मग तीच मुले एकेक करून गुपचूप त्याच्याकडे जातात. उघड सभेत त्याला मत द्यायची त्यांना लाज वाटते, पण मांसाचा वास आणि शिकारीसाठी रंगवलेल्या चेहऱ्यामागे लपण्याची मोकळीक त्यांना हवी असते. जॅक मतदानाने कधीच जिंकत नाही. दोनदा मत घेतले जाते आणि दोन्ही वेळा तो हरतो.

आता याच्या शेजारी ज्यूल व्हर्नची १८८८ सालची कादंबरी ठेवून पाहा, जिच्या नावाचा अर्थ ‘दोन वर्षांची सुट्टी’ असा आहे. ऑकलंडच्या एका निवासी शाळेची चौदा मुले आणि जहाजावरचा मोको नावाचा कृष्णवर्णी पोऱ्या वादळात वाहत जाऊन निर्जन बेटाला लागतात. तिथेही दोन प्रतिस्पर्धी आहेत: फ्रेंच ब्रियाँ आणि इंग्रज डोनिफन. नायक निवडण्याची वेळ येते तेव्हा ब्रियाँच निवडून येईल या धास्तीने डोनिफन अट घालतो की नायक ठरावीक मुदतीसाठी, समजा वर्षभरासाठीच, असावा. तो पुन्हा निवडून येऊ शकेल, अशी पुस्ती ब्रियाँ जोडतो आणि लगेच तिसऱ्याचेच नाव सुचवतो, शांत स्वभावाच्या अमेरिकन गॉर्डनचे. मला हे स्थळ फार मोलाचे वाटते. मुदतीचा नियम इथे कोणा शहाण्याच्या उपदेशातून येत नाही. तो दोन मुलांच्या परस्परांवरील अविश्वासातून जन्मतो आणि तरीही उपयोगी पडतो. हरलेल्याला पुढच्या वर्षीची आशा राहते, आणि दोघांच्या मध्ये उभा राहणारा कोणी तिसराही असतो. राल्फच्या बेटावर मुदत नाही, ठरलेली दुसरी फेरी नाही आणि गॉर्डनही नाही. तिथे हरणे हे कायमचे हरणे आहे, म्हणून जॅकला सगळा डावच उधळून लावावासा वाटतो.

व्हर्नकडेही फूट पडतेच. दुसऱ्या वर्षी ब्रियाँ निवडून आल्यावर डोनिफन तीन सोबत्यांना घेऊन वेगळा होतो आणि बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर राहायला जातो. त्यांना कोणी अडवत नाही. बंदुकाही बरोबर नेऊ दिल्या जातात. पुढे बेटावर खुनी खलाशी उतरल्याचे कळते तेव्हा ब्रियाँ रातोरात होडीतून त्यांना सावध करायला निघतो आणि डोनिफनवर झडप घातलेल्या जॅग्वारच्या तावडीतून त्याला सोडवतो. नंतरच्या झटापटीत ब्रियाँवर आलेला वार डोनिफन स्वतःच्या छातीवर घेतो. हा शेवट जरा जास्तच गोड आहे, हे मला मान्य आहे. परंतु वेगळे होण्याची आणि परत येण्याची वाट उघडी ठेवली नसती, तर तो गोड शेवटही लिहिता आला नसता.

तरीही व्हर्नच्या बेटाचे गोडवे गाऊ नयेत. मोको नाव हाकतो, सर्वांना रांधून घालतो, रात्रीच्या त्या धोक्याच्या सफरीतही ब्रियाँसोबत तोच असतो. आणि मतदान येते तेव्हा कृष्णवर्णी असल्यामुळे त्याला मत नाही, हे लेखक एका वाक्यात, जणू ते स्वाभाविकच आहे अशा सुरात, सांगून मोकळा होतो. गोल्डिंगच्या बेटावर ही जागा पिगीची आहे. शंख ओळखणारा तो, वाजवायचा कसा हे सांगणारा तो, आगीसाठी भिंग पुरवणारा त्याचा चष्मा. पण शरीर स्थूल, दमा आणि बोलण्याची ढब खालच्या वर्गाची, म्हणून त्याला नायक करावे हे कोणाच्या मनातही येत नाही. राल्फ तर त्याने विनवूनही त्याचे ‘पिगी’ हे चिडवण्याचे नाव सर्वांसमोर फोडतो. मुलांनी सोबत आणलेले हे सगळे मोठ्यांच्या जगातले आहे. दुष्टपणा बेटावर आपोआप उगवला, असे तुमच्या मंडळाने ठरवताना ही शिदोरी तपासली होती का?

पॅसिफिक महासागरातल्या टोंगा देशाच्या सहा मुलांचा दाखला तू दिला आहेस. १९६५ मध्ये ती ‘अता’ या निर्जन बेटावर अडकली आणि वर्षाहून अधिक काळ एकमेकांना सांभाळून राहिली, हे खरेच आहे आणि ते वाचून मलाही आनंद होतो. मात्र ती सहाच होती आणि आधीपासूनची मित्र होती. त्यांच्यात एखादी तयार तुकडी घेऊन उतरलेला कोणी नव्हता, आणि ज्यांना आपल्याकडे ओढायचे अशी बिथरलेली लहानग्यांची गर्दीही नव्हती. त्यांच्यावरून गोल्डिंग खोटा ठरत नाही; परिस्थितीची घडण किती महत्त्वाची, हे मात्र ठळक होते.

आता एक विनंती. मंडळ पुन्हा जमेल तेव्हा पहिले, पाचवे आणि आठवे प्रकरण मोठ्याने वाचून घे आणि रॉजरवर बोला. आरंभी तो लहानग्या हेन्रीच्या आसपास दगड फेकतो, पण मुद्दाम नेम चुकवून, कारण जुन्या जगाचा धाक अजून त्याच्या हाताला असतो. नंतर तोच हात प्रचंड शिळा लोटतो, आणि पिगी व शंख दोन्ही संपतात. त्याला नायकपद कधीच नको होते; त्याला फक्त हवे ते करू देणारा नायक हवा होता. जॅकपेक्षा त्याचीच मला जास्त भीती वाटते, आणि त्याने मागितलेल्या त्या पहिल्या मतदानाचा अर्थ कसा लावायचा, हे मला अजून नीट उलगडलेले नाही. तुला काय वाटते ते सविस्तर लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर