आईची कात्री घरीच राहू दे : पूर्व भागातल्या दोन शाळांसाठी आवाहन

नमस्कार मंडळी,

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका छोट्या मोफत वाचनालयाचे कार्यकर्ते. गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यावर शेजारच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला दर शनिवारी आम्ही कागदकाम शिकवायला लागलो. रंगीत कागद कापायचे आणि चिकटवायचे, पण त्यातून घर, झाड, फूल असलं काही करायचं नाही. नुसते आकार, नुसते रंग. चित्रकलेत याला अमूर्त कोलाज म्हणतात. यंदा दोन शाळांतल्या तिसरी-चौथीच्या 140 मुलांपर्यंत हे न्यायचं ठरवलंय, आणि ते तुमच्या मदतीशिवाय होणार नाही. काय काय हवंय ते पुढे लिहिलंच आहे. आधी मागच्या वर्षीच्या एका शनिवारबद्दल सांगतो.

वर्गात 46 मुलं होती आणि कात्र्या 11. चौघांत एक कात्री म्हटलं की तिघं नुसती बघत बसतात, आणि आठ वर्षांचं पोर किती वेळ बघत बसणार? तिसऱ्या शनिवारी एक मुलगी घरूनच कात्री घेऊन आली. काळी, जड, मुठीला चिंधी गुंडाळलेली. त्या दिवशी वर्गात सगळ्यात मोकळा हात तिचा चालला. साडेनऊच्या सुमाराला तिची आई शाळेच्या दारात उभी. विडीचं पान आदल्या दिवशी भिजवून ठेवलेलं, सकाळी उठून कापायचं, तर कात्री जागेवर नाही. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. बसून गेलेल्या तासांचं कुणी काही देत नाही. बाई चिडल्या नाहीत. "पोटाची कात्री आहे ओ ताई ती," एवढंच म्हणाल्या. मग लेकीचा कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि विचारलं, "ह्याला माप कुठलं लावलं?"

विडीचं पान पत्र्याच्या तुकड्याचं माप ठेवून कापतात. दिवसभरात शेकडो पानं, सगळी एकसारखी. माप सोडून कात्री चालवायचं कारणच त्या बाईंना कधी पडलं नव्हतं. लेकीने सांगितलं, "माप नाही. मीच कापलं."

त्या दिवसापासून आमचा नियम झाला, आईची कात्री शाळेत आणायची नाही. पण नुसता नियम करून भागत नाही, शाळेत कात्र्या असाव्या लागतात. हे आवाहन लिहायला बसलो त्यामागे ती सकाळ आहे.

आता, अमूर्तच का? हा प्रश्न पालकांनी विचारला, एका शिक्षकांनीही विचारला, आणि तो विचारायलाच हवा. तिसरीच्या कुठल्याही वर्गात जाऊन "चित्र काढा" म्हणून बघा. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि एक नारळाचं झाड. सोलापूरच्या पोराने डोंगरातून उगवणारा सूर्य कुठे पाहिला? आपल्याकडे सूर्य उगवतो तो कारखान्याच्या पत्र्यांमागून नाही तर ज्वारीच्या सपाट रानावरून. तरीही 46 पैकी जवळजवळ सगळ्यांनी डोंगरच काढले. ज्यांना ते जमले नाहीत ती मुलं पाटी पालथी घालून बसली. "मला चित्र येत नाही," हे आठव्या वर्षीच त्यांनी स्वतःबद्दल ठरवून टाकलेलं.

कागदाचे नुसते आकार दिले की ही भीती जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. इथे हुबेहूब असं काही नसतंच, त्यामुळे 'चुकलं' म्हणून खोडरबर शोधायची गरज पडत नाही. आणखी एक गोष्ट आहे. आपल्या भागातली कितीतरी मुलं घरी तेलुगू बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. पुस्तक वाचताना अडखळणारा मुलगा लाल चौकोनाशेजारी काळी पट्टी कुठे ठेवायची हे ठरवताना अजिबात अडखळत नाही. एकाने राखाडी कागदावर एकाच मापाच्या काळ्या पट्ट्या अगदी जवळजवळ लावल्या आणि एका कोपऱ्यात नुसता पिवळा तुकडा ठेवला. काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाला, "माग चालू आहे, आणि पप्पा डबा खातायत." त्यात माग दिसत नव्हता, पप्पाही दिसत नव्हते. पण खट-खट ऐकू येत होती. आजही तो कागद वाचनालयाच्या भिंतीवर आहे, येऊन बघा.

शिकवायची पद्धत साधी आहे, पण ती पाळावी लागते. पहिल्या दिवशी कात्री द्यायचीच नाही. हाताने कागद फाडायचा, म्हणजे कागदाला आडवं-उभं असतं, एका बाजूने तो सरळ फाटतो आणि दुसऱ्या बाजूने वाकडा, हे बोटांना कळतं. दुसऱ्या शनिवारी कात्री, पण पेन्सिल नाही. पेन्सिलीने आधी आकार काढला की मूल रेघेवरून घाबरत घाबरत कापतं. कात्रीचा हात स्थिर ठेवायचा आणि कागद फिरवायचा, ही सगळ्यात महत्त्वाची खुबी. ती जमली की गोलाई आपोआप येते. त्यानंतर तीनच रंग. मुलांना सगळे रंग एकदम दिले तर ती सगळे वापरतात आणि कागदाची जत्रा होते. मग उरलेल्या कागदाकडे बघायचं. गोल कापून काढला की मागे भोक पडलेला तुकडा राहतो, तोही आकारच. ही गोष्ट विडी कामगारांच्या मुलांना आमच्यापेक्षा लवकर समजते, कारण माप निघाल्यावर उरलेलं पान त्यांच्या घरात रोज पडलेलं असतं. (पानं मात्र आम्ही वापरत नाही. तंबाखूचा कणही वर्गात नको.)

आणि सगळं मांडून झाल्याशिवाय खळ लावायची नाही. तुकडे सरकवून बघायचे, दोन पावलं मागे जाऊन बघायचे, शेजाऱ्याला दाखवायचे. मुलांना हेच सगळ्यात अवघड जातं. हातात खळ आली की कधी एकदा चिकटवतो असं होतं.

खळ आम्ही घरीच करतो. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत पारदर्शक दिसेपर्यंत. कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. ते विषारी असल्याने मुलांच्या हातात जाणाऱ्या खळीत आम्ही घालत नाही. म्हणून दर शनिवारी पहाटे ताजी खळ. रंगीत कागदही शक्यतो विकत घेत नाही. पाठकोऱ्या कागदांवर मुलंच पोस्टर रंग लावतात आणि पुढच्या शनिवारी तेच कापतात. स्वतः रंगवलेल्या कागदात ब्रशचे फटकारे दिसतात, तशी मजा दुकानातल्या घोटीव कागदात नाही.

रंगवलेला कागद कापायची ही रीत आमची नव्हे. फ्रान्सचे मोठे चित्रकार आंरी मातिस 1941 मध्ये मोठ्या शस्त्रक्रियेतून उठले, पण पूर्वीसारखं उभं राहून रंगवणं होईना. मग त्यांचे सहायक कागद रंगवून देत आणि मातिस खुर्चीत किंवा अंथरुणात बसून कात्रीने थेट आकार कापत. 1953 साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांनी असल्या तुकड्यांतून केलेली 'गोगलगाय' नऊ फुटांहून उंच आहे. त्यात गोगलगाय शोधावी लागते. आहेत ते रंगीत तुकडे, वळणावळणाने मांडलेले. मातिस ज्या बोएँ नावाच्या गावात वाढले ते विणकरांचं गाव होतं आणि त्यांच्या घराण्यातही पूर्वी विणकर होते, हे मुलांना सांगितलं तेव्हा वर्गात एकदम चुळबुळ झाली. "आमच्यासारखेच?" हो, तुमच्यासारखेच. आपल्याकडे शांतिनिकेतनचे बिनोद बिहारी मुखर्जी. 1950 नंतरच्या दशकात शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी पूर्ण गेली, आणि त्यानंतरही ते कागद कापून, बोटांनी चाचपून चित्रं करत राहिले. हे ऐकल्यावर मुलांनी स्वतःहून डोळे मिटून मांडणी करून पाहिली.

खरं तर अमूर्त आकार सोलापूरला नवे नाहीत. आपली चादर अंथरून बघा. चौकोन, त्रिकोण, पायऱ्या-पायऱ्यांची नक्षी, दोन-तीन रंगांचा खेळ. ती नक्षी आधी कुणीतरी चौकड्यांच्या कागदावर एकेक घर भरत काढलेली असते, मग जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोकं पाडली जातात. भोक असेल तिथे ताण्याचा उभा धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो, आणि मधून बाण्याचा आडवा धागा जातो. हे डोकं ज्या घरांमध्ये आहे त्याच घरांतली मुलं शाळेत उसने डोंगर काढतात, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

म्हणून पहिली मागणी कारखानदारांकडे आणि डिझाइनचं काम केलेल्या जाणत्या मंडळींकडे. जुने, बाद झालेले जकार्डचे पत्ते रद्दीत घालू नका, आम्हाला द्या. जाड असतात, कोलाजला पाया म्हणून उत्तम, आणि त्यांची भोकं मुलांना वेड लावतात. ज्यांनी हातांनी ग्राफ भरले आहेत अशा काकांनी-आजोबांनी एका शनिवारी तासभर वर्गात येऊन ते काम दाखवावं. भाषण नको, एक जुना ग्राफ आणि पेन्सिल घेऊन या. तेलुगूत बोललात तर अधिक बरं.

छापखान्यांच्या मालकांना विनंती की कटिंग मशीनवर निघणाऱ्या रंगीत पट्ट्या, जाड कागदाचे तुकडे, लग्नपत्रिकांचे जुने नमुने एका पोत्यात बाजूला ठेवा. आम्ही सायकलवर येऊन नेऊ. पंचांग जिथून निघतं ते आपलं शहर. कागदाच्या कातरणीला इथे तोटा नसावा. कार्यालयांतून पाठकोरे कागद चालतील, फक्त त्यावर कुणाची खाजगी माहिती छापलेली नको.

पैशांचा हिशेब असा. बोथट टोकाच्या 70 कात्र्या, दोघांत एक, 2800 रुपये. डावखुऱ्या मुलांसाठी वेगळ्या 10 कात्र्या, 1000 रुपये. (डावखुऱ्या मुलाने नेहमीची कात्री धरली की कापायची जागा पात्याआड जाते आणि पाती कागद चेपतात. अशा मुलांना आपण उगाच 'हाताला वळण नाही' म्हणतो.) पोस्टर रंग 4200, ब्रश 1800, चिकटवायला कार्डशीट 8400, मैदा आणि किरकोळ 700. एकूण 18,900 रुपये, म्हणजे दहा शनिवारांचे मिळून एका मुलामागे 135. जितके पत्ते आणि जाड कागद मिळतील तितकी कार्डशीटची रक्कम कमी होईल; ती वाचली तर पुढच्या वर्षी तिसरी शाळा. प्रत्येक रुपयाची पावती देऊ आणि हिशेब वाचनालयाच्या फळ्यावर लावू.

काही गोष्टी कृपया आणू नका. रंग भरायची तयार चित्रं, छापील ठसे, प्रमाणपत्रं, बक्षिसं. स्पर्धा आम्ही घेणार नाही. पहिला नंबर आला की उरलेली 139 मुलं पुन्हा पाटी पालथी घालतील. मदत देताना मुलांसोबत फोटो काढायचा आग्रहही धरू नये.

आणि हात हवेत. वर्गात 35 मुलं असली तर किमान चार मोठी माणसं लागतात. चित्र यायला पाहिजे अशी अट नाही. मुलाच्या हातातून कात्री घेऊन "थांब, मी दाखवते" असं न म्हणण्याएवढा धीर मात्र लागेल. कॉलेजच्या मुलामुलींनी, निवृत्त शिक्षकांनी, आणि ज्यांना शनिवारी सकाळी दोन तास मोकळे आहेत अशा आयांनी जरूर यावं. ती कात्रीवाल्या मुलीची आई यंदा दोन शनिवार येते म्हणालीय.

शेवटच्या शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात दोऱ्या बांधून, चिमटे लावून सगळ्यांचे कागद टांगू. वाळत घातलेल्या सुताच्या लडींसारखे. तेव्हा यायचं निमंत्रण आत्तापासूनच.

साहित्य आणि देणगी वाचनालयात रोज संध्याकाळी 6 ते 8 या वेळेत स्वीकारू. कात्र्या मात्र दिवाळीआधी मिळाल्या तर बरं, पहिल्या शनिवारनंतर त्या लागतातच.

आपले,
वाचनालयाचे कार्यकर्ते
पूर्व भाग, सोलापूर