आरोग्य शिबिरे होतात, पण तीच माणसे पुन्हा कोण तपासते?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

माझा धाकटा भाऊ नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात होता. कंपनीची तपासणी दरवर्षी व्हायची. ४६व्या वर्षी तो दुसऱ्या पाळीवरून घरी आला, जेवला आणि पहाटे हृदयविकाराने गेला. त्याच महिन्यातल्या ईसीजीवर ‘नॉर्मल’ असे लिहिले होते. नंतर एका डॉक्टरांनी समजावले, की निवांत पडून काढलेल्या ईसीजीत रक्तवाहिनीत साचलेला चरबीचा थर दिसेलच असे नाही. वाहिनी बरीच अरुंद होईपर्यंत माणसाला त्रासही जाणवत नाही.

हा थर कोणाला, कोणत्या वयात, कशाने वाढतो, हे शिबिराच्या एका सकाळीत कळणार नाही. त्यासाठी तीच माणसे वर्षानुवर्षे तपासावी लागतात. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ साली ५,२०९ जणांपासून हे काम सुरू झाले आणि पुढे त्यांची मुले-नातवंडेही त्यात आली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांचा धोका आज आपल्याला तोंडपाठ आहे, तो बराचसा त्या गावकऱ्यांच्या चिकाटीमुळे.

२००० साली अमेरिकेतच ‘मेसा’ हा अभ्यास सुरू झाला. हृदयविकाराचे निदान न झालेल्या ६,८१४ जणांच्या हृदयाच्या वाहिन्यांतल्या थरात साचणारे कॅल्शियम सीटी स्कॅनने मोजले, मानेच्या वाहिन्यांची सोनोग्राफी केली. त्यात गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, चिनी वंशाचे लोक होते. आपल्याकडचा गट नव्हता. ती उणीव भरायला २०१० मध्ये ‘मसाला’ हा अभ्यास आला, पण त्यातले लोक सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागात स्थायिक झालेले. इथल्या अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा किंवा निफाडच्या द्राक्षबागेत फवारणी करणारा त्यात कुठून येणार?

हे आपल्याला झेपणारे नाही, असे कोणी म्हणू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या खेड्यांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा असाच पाठपुरावा केला आहे. आपल्याकडे तर म्हसरूळला राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठच आहे. विद्यापीठाने औद्योगिक वसाहती आणि चार-दोन तालुके निवडून तिशी-चाळिशीतल्या धडधाकट माणसांची नोंदणी करावी, दर दोन-तीन वर्षांनी त्यांना पुन्हा बोलवावे. मानेची सोनोग्राफी क्ष-किरणांशिवाय होते, तिच्यापासून सुरुवात करता येईल.

भावाच्या नऊ वर्षांच्या तपासण्यांचे कागद मी जपून ठेवले आहेत. ते मी द्यायला तयार आहे. त्याचा मुलगा आता २४ वर्षांचा आहे. नोंदणी सुरू झाली, तर तिशीची वाट न पाहता त्याचेही नाव घ्यावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक