मिस्त्रीकाका, फुटाला इंच पुरला

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

दारात उभ्याउभ्या मानलेले आभार तुम्ही हात हलवून परतवलेत. "फळ्याच तर ठोकल्या," म्हणालात. म्हणून आता चारचौघांत लिहिते.

सासूबाईंना रात्री घशाशी यायचं. जठर आणि अन्ननलिकेच्या मधली झडप सैल पडली की आडवं झाल्यावर आंबट वर चढतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पलंगाची उशाकडची बाजू सहा ते आठ इंच उचला, डाव्या कुशीवर झोपा आणि जेवण झोपायच्या दोन-तीन तास आधी उरका. जेवणाची वेळ आम्ही सांभाळली. पलंग मात्र काही उचलला जाईना. आमचा सिडकोतला बॉक्सचा पलंग, सगळा जमिनीला टेकलेला. पायच नाहीत तर विटा कशाखाली सारणार? उशा चढवून पाहिल्या, पण त्यानं मान तेवढी मुडपते आणि पोट दुमडून जठरावर उलट दाबच येतो. एका शोरूममध्ये रिमोटवर उठणारा पलंग दाखवला. किंमत ऐकून सासूबाईच आधी उठल्या.

मग तुम्ही आलात. टेप काढायच्या आधी म्हणालात, "मावशी, झोपून दाखवा." त्या झोपल्या. "आता चादर घालून दाखवा."

काका, हे दुसरं वाक्य आम्हाला कुणीच विचारलं नव्हतं. घशाशी येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण सकाळी त्या बिछाना कसा करतात ते कुणी पाहिलंच नव्हतं. पलंग भिंतीला चिकटलेला, वर गादी लाकडी चौकटीत रुतून बसलेली. एक गुडघा पलंगावर टेकवायचा, ओणवं व्हायचं आणि गादी नि चौकट यांच्या फटीत बोटं कोंबून चादर खोचायची. भिंतीकडचा कोपरा आला की कमरेत उसण. बरं, दुसऱ्या कुणाला करू देतील तर शपथ! आम्ही घातलेल्या चादरीला म्हणे सुरकुत्या पडतात. नाशिकची थंडी सुरू झाली की त्यात दोन गोधड्यांची भर.

गादीसकट पलंगाचं झाकण उचलणाऱ्या हायड्रॉलिक पंपाचं मी विचारलं, तेव्हा तुम्हाला मोठं काम सहज मिळालं असतं. तुम्ही उलट समजावलंत, की पंप गादीच्या वजनावर बसवावा लागतो. गादी हलकी पडली तर झाकण नीट बसत नाही, जड पडली तर उघडायला जोर लागतो. आणि तो सामान काढायला असतो, तिरकं झोपायला नाही. "मावशींना रोज उचलायला लागेल असं काही करूच नका."

मग कानावरची पेन्सिल काढून प्लायवरच हिशेब मांडलात. सहा फूट लांबी, सहा इंच चढ, म्हणजे फुटाला एक इंच. उशाशी सहा इंच आणि पायथ्याला शून्य, सलग उतार, म्हणजे पोट कुठेच दुमडत नाही. बॉक्सवर ठेवायचा हा उतरता सांगाडा गादीपेक्षा दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं अरुंद ठेवलात, त्यामुळे गादीची कड बाहेर राहते आणि हात खालून अलगद आत जातो. पलंगाच्या बाजूच्या पट्ट्या काढल्यात. पायथ्याची मात्र मुद्दाम राखलीत, कारण उतारावर गादी रात्रभर खाली सरकते. प्लायवर जुनी सतरंजी अंथरायला लावलीत, तीही त्यासाठीच. पलंग भिंतीपासून वीतभर ओढून मागे लाकडाचा ठोकळा लावलात, म्हणजे तो पुन्हा चिकटायला नको. बॉक्सची दारं बाजूनं उघडतात, तेव्हा आतल्या पातेल्यांनाही धक्का नाही.

आता खरं सांगते, जळजळ साफ गेलेली नाही. रविवारी मिसळीचा तर्रीवाला रस्सा चापला की सोमवारी पहाटे त्या उठून बसतातच, आणि दोष पावाला देतात. पण एरवी रात्र सलग जाते. पहिल्या काही रात्री "घसरगुंडीवर झोपल्यासारखं वाटतं" अशी कुरकुर होती. आता माहेरपणाला गेल्या तर तिथला पलंग सपाट लागतो म्हणून फोन येतो. बिछाना अजून त्याच करतात, फक्त आता पलंगावर चढत नाहीत.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनाही हेच हवंय. त्यांच्या पलंगाला चार पाय आहेत, तेव्हा काम सोपं असावं. विटा ठेवू नका, निसटतात, असं तुमच्याच शब्दांत बजावून ठेवलंय. पायाच्या मापाचा खळगा पाडलेले ठोकळे तुम्ही कराल असंही कबूल करून बसलेय. तेवढं सवडीनं मोजायला या. येताना सांगून या, म्हणजे सासूबाई चहाला आलं किसून ठेवतील.

तुमची,
सिडकोतल्या मावशींची सून